चावडीवरची कोल्हेकुई

मी एक जुना, घरी बांधलेला रेडिओ आहे. मित्रांनो, माझी कहाणी गमतीची नाही, हे आधीच सांगून टाकतो.

एकोणीसशे छप्पन साली, ब्रह्मपुरीकडच्या वैनगंगाकाठच्या एका गावात जाफरभाई घड्याळवाल्यांनी मला हौसेने घडवलं. बांबूच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळली, काचेच्या दिव्यासारखा एकच व्हॉल्व्ह बसवला आणि कौलांवर लांब एरियल ताणली. माझ्या अंगावर एक बटण होतं. ते फिरवलं की दूरचा क्षीण आवाजही जवळ येई. जरा जास्त फिरवलं, की मी स्वतःच शिट्टी घालू लागे आणि ती एरियलवाटे बाहेर पडे. कुठे जाते, हे जाफरभाईंना ठाऊक नव्हतं. मला होतं.

ती चावडीवरच्या पंचायतीच्या रेडिओत शिरे. रोज दिवेलागणीला, ऐन बातम्यांच्या वेळी, तिथे कोल्हेकुई उठे.

"कोनाचं तरी मरन दिसते," म्हातारे म्हणत.

हा दोष शोधायचा जाफरभाईंनी विडाच उचलला. धानगिरणीचं इंजिन तपासलं, चावडीवरची बॅटरी बदलून पाहिली. पण शोधायला निघताना ते मला बंद करून निघत. मग कुई सापडणार कशी? माझ्यावर कुणाचा संशय गेलाच नाही. उलट कौतुक होई आणि मी फुशारून जाई. त्याची आज लाज वाटते.

नावाडी पोचू रोज चावडीवर कुईतून जमेल तेवढी नदीच्या पाण्याची बातमी ऐकून शेवटची खेप करी. श्रावणात एकदा आमच्याकडे आभाळ निरभ्र होतं. जाफरभाईंनी कानाला हेडफोन लावले, बटण फिरवलं. बातमी स्वच्छ आली: वरच्या अंगाला फार पाऊस झालाय, नदीला मोठा पूर येतोय, कुणी नाव घालू नये.

"चावडीवर आयकलंच असन साऱ्याईनं," ते बायकोला, सुलतानाला म्हणाले आणि जेवायला बसले.

चावडीवर फक्त माझी कुई ऐकू आली होती. पोचू थोडा थांबला, त्याने वर आभाळाकडे पाहिलं आणि तो पलीकडच्या माणसांना आणायला गेला. तो तिकडे पोहोचलाच नाही. तिसऱ्या दिवशी त्याची रिकामी नाव बाभळीत अडकलेली सापडली. पोचू सापडला नाही.

चावडीवर त्या दिवशी काहीच कळलं नाही, हे समजल्यावर जाफरभाईंची अन्नावरची वासना उडाली. तेव्हा सुलताना म्हणाली, "शोधाले जाता तवा याले बंद करता ना? एक डाव चालू राहू द्या."

ते मला चालू ठेवून चावडीवर गेले. परत आले ते चपला न काढताच उंबऱ्यावर बसले.

मग त्यांनी मला टिनाच्या डब्यात बसवलं, डबा जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पट्टीला जोडला. एरियल आणि माझ्यामध्ये आणखी एक व्हॉल्व्ह घातला, म्हणजे माझी शिट्टी उलट वर जाऊ नये. कुई थांबली. गाव त्यांना शाबासकी देऊ लागलं. पोचूची बायको रंभाही आली.

"बरं केलं, जाफरभाऊ. त्या दिवशी तुमच्या रेडिओत तरी आली होती का पान्याची बातमी?"

जाफरभाईंचा चेहरा उतरला. पण ते खोटं बोलले नाहीत. "आली होती, बाई. साफ आली. अन् चावडीवरचा कोल्हा माह्याच घरातून ओरडत होता."

रंभाने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "कोल्ह्याचं तुमाले ठाऊक नव्हतं, भाऊ. पन बातमी आयकल्यावर एक हाक काऊन नाई मारली?"

हाक मारायला जाफरभाईंना तोंड होतं. मला तर तोंडच नाही.

मित्रांनो, रेडिओ जरूर बांधा. पण तो चालू ठेवून शेजाऱ्याच्या घरी जा आणि तिथे काय ऐकू येतं ते ऐका. आणि जिवाशी गाठ असलेली बातमी कानी आली, तर आपल्याला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं असं समजून जेवायला बसू नका. आधी नदीवर जाऊन सांगा.