वरुणाच्या रस्त्यावरची म्हैस

म्हैसूरमधल्या विजयनगरच्या बागेत श्रीनिवासराव आणि दिलीपराव पहिल्यांदा भेटले, तेव्हा एकदम एकमेकांच्या गळ्यातच पडले.

श्रीनिवासरावांची सून सुमा चकित झाली. म्हैसुरातल्या रंगाऱ्यांच्या जुन्या मराठी घराण्यातल्या तिच्या सासऱ्यांनी म्हैसूर कधी सोडलं नव्हतं. दिलीपराव कराडचे, त्यांची लेक स्पृहा त्यांना गेल्या वर्षीच इथं घेऊन आली होती. विसरण्याचा आजार दोघांनाही होता. पण लहानपणी आपण एकाच बाकावर बसायचो, यावर दोघांचं एकमत होतं.

"बसू देत," स्पृहा म्हणाली. "घरी मला आत्या समजतात."

दोन महिने सुखात गेले. मास्तर, पेरूची चोरी, रोज नवं काहीतरी आठवायचं. मग एका संध्याकाळी श्रीनिवासराव तोंड फिरवून बसले.

"ह्यानं मला वरुणा गावाच्या रस्त्यावर सायकलवरून पाडलं, अल्लवा, हो ना? दात गेले माझे."

"सायकल हाच चालवत होता," दिलीपराव म्हणाले. "मी मागं कॅरियरवर. मी कसा पाडीन?"

श्रीनिवासरावांनी पुरावा म्हणून कवळी काढून दाखवली.

खरं तर दिलीपरावांनी वरुणा पाहिलंच नव्हतं, आणि श्रीनिवासरावांना सायकल येत नव्हती. स्पृहा तसं सांगायला गेली, तर दोघांनी मिळून तिलाच गप्प केलं. "तुझा जन्म तरी झाला होता का?"

पाच दिवस बागेत जाणं बंद. श्रीनिवासराव सुनेचं नाव विसरले, नाश्ता केल्याचं विसरले, पण भांडण काही विसरेनात. ताटातलं अन्न तसंच राहू लागलं. शेवटी सुमानं स्पृहाला फोन केला, आणि दोघींनी म्हाताऱ्यांना बाकाच्या दोन टोकांना आणून बसवलं.

"मामा," सुमा म्हणाली, "चूक कुणाचीच नव्हती. उसातून म्हैस आडवी आली."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"हौदु, होय," श्रीनिवासराव हळूच म्हणाले. "म्हैस होती. एक शिंग मोडकं."

"डावं," दिलीपराव म्हणाले, आणि थोडे जवळ सरकले.

"पण तुला गं कसं ठाऊक?" श्रीनिवासरावांनी सुमाला विचारलं.

दिलीपरावच तिच्या मदतीला आले. "अरे, ही पुढं दांडीवर नव्हती का? हिला तर खरचटलंही नाही."

श्रीनिवासरावांनी तिला निरखून पाहिलं. "किती बडबडत होतीस तेव्हा. म्हणून तर म्हैस दिसली नाही मला."

"चुकलं माझं," सुमा म्हणाली.

दोघांनी मोठ्या मनानं तिला माफ केलं. स्पृहा तोंडाला पदर लावून झाडामागं गेली. मग मोडकी सायकल दुरुस्तीला कुणाकडं नेली होती, यावर बोलणं सुरू झालं. नाव काही आठवेना, तेव्हा दोघांनीही सुमाकडं पाहिलं.

"रणोजीरावांकडं," सुमानं तोंडाला आलेलं नाव ठोकून दिलं.