बाण पाण्यातून निघतो

शाळेच्या प्रयोगशाळेत आईच्या नावाच्या तक्त्याचं अनावरण होतं, म्हणून मी आणि मामा अर्धा तास आधीच पोचलो. भिंतभर फ्लेक्स. अगदी वर आईचं नाव, त्यापुढे ‘प्रयोगशाळा साहाय्यक, एकतीस वर्षे’. खाली सूर्य, हिरवंगार पान आणि एक जाड लाल बाण. तो कार्बन डायऑक्साइडपासून निघून थेट ऑक्सिजनपर्यंत गेला होता.

मी दोनदा पाहिलं.

आई दहावी शिकलेली. परीक्षानळ्या धुता धुता तिने वर्गातली सगळी पुस्तकं वाचून काढली. दरवर्षी ती पाणवनस्पती भांड्यात बुडवून शेजारी दिवा लावायची आणि मुलांना विचारायची, “बुडबुडे कुठून आले?” कार्बन डायऑक्साइड म्हणणाऱ्याला दहा नळ्या धुवाव्या लागत. मग ती सांगायची. प्रकाश पडला की हरितद्रव्यातला इलेक्ट्रॉन उडतो. ती रिकामी जागा भरायला पान पाणी फोडतं, आणि ऑक्सिजन सुटतो तो त्या पाण्यातून. उडालेल्या इलेक्ट्रॉनच्या जोरावर पान ऊर्जा साठवतं. कार्बन डायऑक्साइडची पाळी त्यानंतर, साखर करताना.

विज्ञानाचे एक सर तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, “बाई, तुम्ही नळ्या धुवा, पाणी आम्ही फोडतो.” तेच आता मुख्याध्यापक आहेत.

“सर, हा बाण चुकलाय. ऑक्सिजन पाण्यातून येतो.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “असं? चित्र मीच काढून दिलं होतं.” मग हसले. “पोरी, आमची भावना बघ. एका बाणाने काय आभाळ कोसळतंय?”

“वर तिचं नाव आहे.”

“पुढच्या वर्षी बदलू. पालक येऊन बसलेत बाहेर.”

मामाने माझी बाही ओढली. “सोड ना गं. ताई असती तर...”

“तर यांना नळ्या धुवायला लावल्या असत्या.”

दवाखान्यात माझा आवाज चढला नव्हता. तिचे कपडे कपाटातून काढतानाही नाही. इथे कानशिलं तापली. ती जिवंत असताना तिचं बरोबर असणं यांना खपलं नाही, आणि ती गेल्यावर स्वतःची चूक तिच्या तोंडी घालायला निघाले होते.

टेबलावर देठाचे काप घ्यायचं ब्लेड होतं. मी ते उचललं, स्टूल भिंतीशी ओढलं आणि वर चढले.

“अहो, काय करताय काय तुम्ही?” मुख्याध्यापकांनी दाराकडे पाहिलं. “हा शाळेचा तक्ता आहे.”

“तक्ता ठेवा की. नाव आमचं आहे.”

ब्लेड नावाच्या कडेने फिरवलं. फ्लेक्स चरचरला. मामा आता मला खाली ओढणार, असं वाटलं. त्याने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.

“एक पाय डुगडुगतोय याचा,” तो म्हणाला. “सावकाश काप. शेवटचं अक्षर राहील.”