एक नंबरची दोरी

बाबांच्या दफनाच्या दिवशी सकाळी साडेदहाला कोलिन ट्रेलने स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोरीची कार्डं मांडली आणि एक नंबरचं कार्ड गॅविनने उचललं. कुणाला विचारलं नाही. खिशात टाकलं आणि वर चहा मागितला.

त्याच्या बहिणीचा, बेथियाचा, हात किटलीवरच राहिला.

शवपेटी खाली सोडताना कुणी कुठली दोरी धरायची, ते त्या किनाऱ्यावर आधी कार्डं देऊन ठरतं. एक नंबर उशाचा, सगळ्यांत जवळच्या माणसाचा. दोन नंबर पायथ्याचा. बाकीच्या दोऱ्या दोन्ही अंगांना, शेजाऱ्यांच्या आणि बोटीवरच्या सोबत्यांच्या.

"कोलिन," ती म्हणाली, "एक नंबर माझा ठरला होता."

कोलिनने टोपी या हातातून त्या हातात घेतली. गावातली प्रत्येक मयत तोच पोचवायचा. घरोघरची भांडणं त्याला पाठ होती. "ठरलं होतं खरं," तो पुटपुटला.

"ठरवलं कुणी?" गॅविन म्हणाला. "आपल्या घरात बायका दोरी धरत नाहीत. आईच्या वेळी धरलीस का?"

"आईच्या वेळी तू होतास का बघायला?"

"कॅलगरीहून विमान मिळालं नाही, बेथिया. किती वेळा सांगू?"

"त्यानंतरही मिळालं नाही वाटतं. एवढी वर्षं विमानं बंदच होती."

गॅविन हसला. लहान होता तेव्हापासून तो असाच हसायचा, समोरच्याचं बोलणं संपलं असं समजून. "दोन नंबर घे ना. उसं काय, पायथा काय. बाबा तेच."

"मग तू घे दोन नंबर."

"लोक काय म्हणतील? मुलगा मी आहे."

तिने चहाचा कप त्याच्यापुढे असा ठेवला की निम्मा बशीत सांडला. आईच्या वेळी पुरुष कब्रस्तानात गेले आणि ती याच टेबलाशी उभी राहून सँडविच कापत होती. बाबा परत आले, कोट खुंटीला अडकवला आणि म्हणाले, झालं. एवढंच. त्यांच्याशी भांडायचं तिने लांबणीवर टाकलं. मग त्यांना अर्धांगवायू झाला, आणि तोंडाला चमचा लावताना भांडता येत नाही.

तिने दोन नंबरचं कार्ड उचललं.

जुन्या चर्चचं छप्पर कधीच गेलं होतं. नवं चर्च टेकडीवर बांधलं, तरी जुन्या घराण्यांनी आपल्या कबरी सोडल्या नाहीत. आता आत, जिथे बाकं होती तिथे, गवत आणि माणसं होती. पूर्वेची भिंत तेवढी टोकापर्यंत शाबूत होती आणि तिच्यातच लाउनींचा, म्हणजे बेथियाच्या घराण्याचा, नावांचा दगड बसवलेला होता. मेलेल्याचे पाय पूर्वेला करतात, उठेल तेव्हा तोंड सूर्याकडे असावं म्हणून. त्यामुळे लाउनींचा दगड उशाला नाही, पायथ्याला येतो. रविवारी तण उपटताना बाबा म्हणायचे, तुझी आई पडल्या पडल्या स्वतःचं नाव वाचते. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुद्दाम सांगावं असं त्यात काहीच नव्हतं.

शवपेटी आत आली तेव्हा झाकणावर गॅविनचं पुष्पचक्र होतं, गाडीच्या चाकाएवढं. उशाकडची नावाची पट्टी त्याखाली पार झाकली गेली होती. पेटी खड्ड्यावरच्या फळ्यांवर टेकल्यावर कोलिन ते काढायला वाकला.

"राहू दे," गॅविन म्हणाला. "दिसू दे सगळ्यांना."

धर्मगुरूंची प्रार्थना संपली. कोलिनने नंबर पुकारण्याआधीच गॅविन तरातरा पूर्वेच्या भिंतीपाशी गेला, दगडावर तळहात टेकवून क्षणभर उभा राहिला, आणि वळून त्या टोकाच्या दोरीचा गोंडा हातात घेतला.

कोलिनचं तोंड उघडलं. समुद्राकडून वारा आला. बाबांच्या बोटीवरचा म्हातारा वुली आपल्या बुटांकडे बघू लागला आणि त्याच्या शेजारचाही. कोलिनने बेथियाकडे पाहिलं.

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द तिच्या जिभेवर आलाही होता, चांगला धारदार होऊन. तिने हातातलं कार्ड दुमडलं, कोटाच्या खिशात घातलं, आणि पेटीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

कोलिनने तोंड मिटलं. एरवी तो नंबर पुकारायचा. त्या दिवशी त्याने नुसती नावं घेतली.

फळ्या निघाल्या आणि भार हातात आला. आयुष्यभर शेवंडांचे पिंजरे ओढलेले बाबांचे खांदे होते ते. दोरी तळव्यातून सरकू लागली. तिने ती सुटू दिली नाही, इंचाइंचाने सोडली. पेटी तळाला टेकली तेव्हा राग उतरेल असं तिला वाटलं होतं. तो होता तिथेच होता. उलट आता त्यात बाबाही होते, नीट उताणे, आणि विचारायचं ते विचारता येणार नव्हतं.

पलीकडे गॅविन हमसून रडत होता.

हॉटेलच्या मागच्या खोलीत सूप आणि सँडविच होती. वुलीने तिच्यापुढे व्हिस्की ठेवली. "उशाला एक हिसका नाही बसू दिलास पोरी," तो हळूच म्हणाला. "तुझ्या बापाला कळलं असेल."

"गप्प बस, वुली."

गॅविन येऊन शेजारी बसला. डोळे लाल होते. "बाबांचं डोकं माझ्या हातात होतं," तो म्हणाला. "किती हलके झाले होते गं."

बेथियाने तळव्यावरच्या लाल वळावर मूठ मिटली.

"तुझ्या बाजूला असतील."

त्याने मान हलवली. त्याला ते सांत्वन वाटलं. "मी एक ठरवलंय. माझी राख इथेच आणायची. बाबांच्या उशाशी, दगडाखाली. आज उभा होतो ना, तिथेच. तू बघशील?"

वुलीने ग्लास तोंडाशी नेला होता, तो खाली ठेवला.

"आज उभा होतास तिथेच?"

"तिथेच."

"बरं," ती म्हणाली, आणि सँडविचची थाळी त्याच्याकडे सरकवली.

शुक्रवारी दुपारी गॅविनचं विमान सुटलं. विमानतळापर्यंत बेथियानेच त्याला सोडलं. वाटेत हवापाण्याचं बोलणं झालं. तोवर त्याला कुणीही काही सांगितलेलं नव्हतं.