ग्लोव्हमधली फट

ब्रेंट बेसबॉलची बॅट घेऊन समोर उभा राहिला आणि चेंडू टाकणाऱ्या अनयने ग्लोव्हची बोटं मुद्दाम जराशी फाकवली.

पूर्वी ती आपोआप फाकायची. वळणारा चेंडू, म्हणजे कर्व्ह, टाकण्याआधी पकड बदलताना ही खोड उघडी पडे. ती ठाऊक होती फक्त ब्रेंटला, कारण सहा वर्षं अनयचे चेंडू झेलणारा कॅचर तोच होता. पुढे अनय मेजर लीगमधली, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवरची, पहिली मॅच खेळला, तेव्हा ब्रेंट नेमका समोरच्या टीममध्ये होता. मित्र म्हणवणाऱ्याने ती खोड आपल्या अख्ख्या टीमला सांगून केसाने गळा कापला. एका इनिंगमध्ये सात रन्स! बेसबॉलमध्ये ही धूळधाणच. दुसऱ्या दिवशी अनयची रवानगी पुन्हा खालच्या मायनर लीगमध्ये झाली, ती कायमची.

पाच वर्षं त्याने डूख धरला. आरशासमोर उभं राहून खोड मोडली आणि एका ब्रेंटपुरती जपून ठेवली. आज चौतिशीतला ब्रेंटही घसरत घसरत याच मायनर लीगमध्ये येऊन पोचला होता.

पहिला कर्व्ह ब्रेंटने फटकावला, पण तो रेषेबाहेर गेला. दुसराही तसाच. दोन स्ट्राइक झाले, तिसऱ्याला आउट, तरी ब्रेंट हसत होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असंच त्याला वाटलं असणार.

तिसऱ्यांदा बोटं फाकली, पण चेंडू आला सरळ आणि सुसाट. कर्व्हची वाट बघणारा ब्रेंट बॅटही न हलवता आउट झाला. खोटं कशाला बोला, अनयला अमृत प्यायल्यासारखं वाटलं.

मॅच संपल्यावर त्याचे वडील, रिटायर्ड डॉक्टर बाळ, जाळीपाशी आले.

"अरे, तो नुसता उभाच राहिला! फारच इझी विकेट."

"स्ट्राइकआउट, बाबा. तुम्हाला काही दिसलं नाही?"

"काय दिसायचं होतं? त्याने ट्रायच नाही केलं."

मागून जाताना कोचनेही पाठ थोपटली. "लकी, मॅन!"

पाच वर्षांची मेहनत, आणि अख्ख्या मैदानात ती कुणालाच कळली नव्हती.

समोरच्या बाकावर ब्रेंट पायांचे पॅड सोडत होता. त्याने मान वर करून अनयकडे पाहिलं. मग डाव्या हाताची बोटं जराशी फाकवली, मिटली, आणि बॅग खांद्याला लावून तो चालू लागला.

अनयने डोक्यावरची टोपी काढली. ब्रेंटने मागे वळून पाहिलं नाही.