शेवटच्या फेरीचा अर्धा सेकंद

टिंब तिथंच होतं. शिसपेन्सिलीचं, मोहरीएवढंही नाही, आकड्याच्या उजव्या अंगाला जरा वर — वहीचं पान खिडकीकडे तिरपं धरलं तेव्हा ते चमकलं, आणि मग एकामागून एक बाकीचीही दिसायला लागली. प्रत्येक नावापुढे एकेक. आणि एका नावापुढे पाच, ओळीने, इतकी नीट की जणू कुणीतरी सावकाश बसून, विचार करून दिली असावीत… आणि दिली होतीच की सावकाश. घाई कसली होती तिला?

नम्रताने वही मिटली आणि पर्समध्ये टाकली. मग बाहेर काढून पिशवीत टाकली. पर्समध्ये वही दुमडत होती हे खरं, पण खरं कारण ते नव्हतं. पिशवी विसरता येते, गाडीत राहून जाते, पर्स राहत नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आपण अशा युक्त्या करतो आहोत याचं तिला हसूही आलं नाही. वरसेहून स्टेशनापर्यंत रिक्षात पिशवी मांडीवरच होती.

काल संध्याकाळी इलियासभाईंचा फोन आला होता. "नम्रता, प्रणित ऐकत नाय. त्याला ती वही पायजे. उद्या सांजच्याला त्याचा चुलतभाव गणेश कागद घेऊन येतोय, कारखान्यातला आपला हिस्सा त्याच्या नावावर करून हा चालला कोइमतूरला, शर्यतीच्या गाड्यांच्या मागं. मी काय बोलू त्याला? तूच बोल." आणि मग, जरा थांबून, "बोलायला आपन दोघंच हाव." दोघंच. बरोबर होतं ते. त्या अर्ध्या सेकंदाची गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, आणि पाच टिंबांची तर एकटीलाच.

रोह्याहून दुपारची गाडी सुटली तेव्हा डब्यात जेमतेम दहा माणसं होती. तिने खिडकी धरली — पश्चिमेची, ऊन लागेल हे माहीत असून. कासू त्या बाजूला दिसतं.

कासूजवळची ती कंपनी बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण आवारातले रस्ते शाबूत होते, ट्रक वळावेत म्हणून मुद्दाम रुंद केलेले. आखातात शर्यतीच्या ट्रॅकवर चौदा वर्षं झेंडे दाखवून परतलेल्या इलियासभाईंना त्या रस्त्यांत ट्रॅक दिसला. महिन्यातले दोन रविवार. ज्याला आपली रोजची गाडी एकदा मनासारखी पळवायची आहे — पुढे म्हैस नाही, खड्डा नाही, मागून हॉर्न नाही — त्याने यावं, हेल्मेट घालावं, मोबाइल इलियासभाईंच्या ताब्यात द्यावा, एकट्याने पाच फेऱ्या माराव्यात आणि त्यांच्या बायकोच्या, अमीनाभाभींच्या, हातची तांदळाची भाकरी आणि कालवण खाऊन घरी जावं. शर्यत नव्हतीच ती. पण माणूस गाडीतून उतरला की पहिला प्रश्न एकच, किती लागला? त्यासाठी वेळ धरणारं नेमकं माणूस हवं होतं, आणि भावाच्या या जुन्या मित्राने नम्रताला विचारलं, कारण ती रोह्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये होती आणि तिच्या नेमकेपणाचा घरीदारी सगळ्यांना वैताग होता.

लॅबमध्ये ती दशांशाच्या तिसऱ्या आकड्यासाठी शिफ्ट संपल्यावर थांबायची. आणि रविवारी…

पहिल्यांदा तो पनवेलचा दातांचा डॉक्टर होता. बायको, दोन मुलं, सासरे, सगळे डबे घेऊन आलेले, आणि बिचाऱ्याची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा हळू. शेवटच्या फेरीनंतर तो घामेजलेला तिच्या टेबलापाशी आला तेव्हा घड्याळ दाखवत होतं त्यातून तिने अर्धा सेकंद वजा केला. बस्स, एवढंच. "आजची सगळ्यात चांगली," ती म्हणाली, आणि त्या माणसाचा चेहरा असा उजळला की ती स्वतःच अवघडली. इलियासभाईंनी ते पाहिलं होतं. जेवताना म्हणाले, "जाऊ दे ना खुशीत घरी. कुनाचं काय जातंय?" तेव्हापासून तो रिवाजच झाला. शेवटच्या फेरीचा अर्धा सेकंद, प्रत्येकाला, न मागता. फक्त वहीत तो आकडा लिहिताना तिच्या हातून बाजूला टिंब पडायचं. लॅबची सवय, शंका असलेलं रीडिंग खोडायचं नाही, खूण करून ठेवायची. एकदा प्रणितने विचारलं होतं, "ताई, हे कसलं गो?" "पेन्सिल टेकली," ती म्हणाली होती.

नागोठणं गेलं.

प्रणित आला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. पेणला घरचा गणपतींचा कारखाना, आणि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी त्याच्या हातची — तो बापाची जुनी गाडी घेऊन आला, जिच्या मागच्या सीटवर शाडूची भुकटी सांडलेली होती. मुंबई-पुण्याच्या चकचकीत गाड्यांच्या रांगेत ती गाडी उभी राहिली आणि कुणीतरी मागून म्हणालं, "ही ढकलायची आहे का?" सगळे हसले. प्रणितही हसला. हसली नाही ती फक्त नम्रता. तिथंच चूक झाली, हे आता कळतं. तो हसला होता, म्हणजे त्याला काही लागलं नव्हतं. लागलं होतं ते तिला. आपल्याकडच्या पोराला हसतात म्हणजे काय, असं काहीतरी तिच्या डोक्यात भरलं आणि त्या दिवशी तिने त्याला अर्ध्याऐवजी एक सेकंद दिला. दोन टिंबं.

आणि एकदा दिलेला सेकंद परत घेता येत नाही, हे तिच्यासारख्या हिशोबी बाईला आधी सुचायला नको होतं? पुढच्या खेपेला खरा आकडा सांगितला तर त्याला वाटणार, आपण हळू झालो. म्हणून पुन्हा एक, आणि त्यात थोडी प्रगती दिसावी म्हणून आणखी अर्धा… तीन टिंबं, चार. तो दर वेळी आकडा ऐकून गाडीच्या टपावर हळूच थाप मारायचा, बैलाच्या पाठीवर मारावी तशी, आणि ती दोन आठवडे त्या थापेवर जगायची. आणि मग डिसेंबरातला तो रविवार. विशालची वेळ, त्या दिवशीची सगळ्यात कमी, एक मिनिट चौतीस पूर्णांक एक. विशाल पनवेलचा, शिकलेला, सफाईदार. प्रणित आला आणि घड्याळात एक मिनिट छत्तीस पूर्णांक चार होते, आणि तिच्या तोंडून निघालं, "तेहेतीस पूर्णांक नऊ." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्याने ढकलायचं विचारलं होतं त्यानेही. त्या टाळ्या तिला गोड लागल्या होत्या — तिला, प्रणितला नंतर.

कासू आलं. गाडी थांबली. कंपनीची भिंत दिसली आणि भिंतीवरून निळ्या पत्र्याची तीन लांबलचक छपरं, गोडाऊन. जिथे तिचं टेबल असायचं तिथे बहुधा आता कंटेनर उभे राहत असतील. कुणी बंद पाडलं नव्हतं ते. आधी दंतवैद्य यायचे थांबले, कारण रांगेत परदेशी गाड्या वाढल्या आणि आपली गाडी काढायची त्यांना लाज वाटू लागली. मग परदेशी गाड्यावाले थांबले, कारण खांब गावाच्या पलीकडे खरा ट्रॅक झाला, काचेच्या खोल्यांचा, मेंबरशिपचा, वीस-वीस मिनिटांच्या स्लॉटचा, गाडीला चिकटवलेला डबा सेकंदाचा हजारावा भाग मोजणार. आवाज न करणाऱ्या गाड्या आल्या. कंपन्या आपल्या माणसांना बसने आणतात, त्यांची गाडीसुद्धा नसते, तिथलीच भाड्याने. आणि इलियासभाई सांगत होते की खरे आकडे बघून लोक दुसऱ्यांदा येईनात, तेव्हा आता तिथे जाताना सर्टिफिकेट देतात, प्रत्येकजण कशात ना कशात पहिला. वळणात पहिला, आपल्या वयात पहिला. तिने ते ऐकलं तेव्हा तिला हायसं वाटलं होतं, आणि त्या हायसं वाटण्याचीच नंतर दोन दिवस किळस वाटत राहिली.

त्याच ट्रॅकवर गेल्या महिन्यात एका टीमने नवे ड्रायव्हर निवडले. विशाल आता तिथे शिकवतो. प्रणित त्याच्यापेक्षा तीन सेकंद मागे पडला. त्याने मशीनला दोष दिला, मग गाडीला. आणि मग त्याला वही आठवली. वहीत तो विशालच्या पुढे होता. टीमवाले म्हणाले, जुनं रेकॉर्ड असेल तर दाखवा, पुन्हा बघू. नाहीतर तो कोइमतूरला जाऊन वर्षभर शिकणार होता. वही दिली काय, नाही दिली काय, कारखाना जाणारच होता. वाचवणारी गोष्ट एकच होती, आणि ती सांगायला तिला सव्वाचार वर्षं मिळाली होती.

पेणला कारखान्याच्या दारात प्रणितची आई, बायजाबाई, काथ्या पिंजत बसल्या होत्या. "ये गो बाय," त्या म्हणाल्या, आणि आवाज खाली आणून, "तुझं ऐकतो तो. त्याच्यासारखा डोला आमच्यात कुनाला जमत नाय. सांग त्याला." नम्रताने मान हलवली. ती मान कशाला हलवली हे तिचं तिलाच कळलं नाही.

आत परदेशी जाणाऱ्या मूर्ती होत्या, बोटीने आधी पाठवाव्या लागतात त्या, रांगेत, सगळ्या अजून आंधळ्या. प्रणित पाटावर बसला होता, डाव्या हाताच्या करंगळीवर उजवं मनगट टेकवून. त्याने वर पाहिलं नाही. "बस ताई. हा एक होऊ दे." ब्रश टेकला, वळला, उचलला, एका श्वासात भुवईखालची रेघ उमटली आणि मातीच्या त्या गोळ्याने नम्रताकडे एका डोळ्याने पाहिलं. या हाताला वेळ लागत होता. घाई केली असती तर बिघडलं असतं. हे ती रविवारी टेबलापाशी बसून कधी पाहूच शकली नव्हती.

"आनलीस?" त्याने विचारलं.

तिने पिशवीतून वही काढली, डिसेंबराचं पान उघडलं आणि उजेडाकडे तिरपं धरलं. "ही टिंबं दिसतात?"

"पेन्सिल टेकलेली."

"नाही. एका टिंबाला अर्धा सेकंद. मी कमी करून सांगायचे. प्रत्येकाला एक."

तो वहीकडे बघत राहिला. बाहेर बायजाबाईंचा हात थांबला होता. त्याचं बोट विशालच्या ओळीवर गेलं, एका टिंबावर टेकलं, मग खाली सरकत आपल्या नावापाशी आलं आणि तिथे त्याने मोजलं, एकदा आणि पुन्हा एकदा, ओठ न हलवता. मग मागची पानं उलटली. चार. तीन. तीन. दोन.

"मग त्या दिवशी मी कितवा होतो?"

"नववा."

"किती जनांत?"

"अकरा."

त्याने ब्रश पाण्याच्या वाटीत ठेवला. पाण्यात काळा धागा सुटला, पसरला.

"नववा पन चालला असता, ताई," तो म्हणाला. "मी काय पयला यायला येत नव्हतो. मला रविवारी तिथं यायला आवडायचं."

रागावला असता तर बरं झालं असतं. रागाला तिच्याकडे उत्तर होतं. हे वाक्य मात्र आत गेलं आणि कुठेतरी टेकून बसलं. चार वर्षं ती समजत आली होती की आपण त्याला जास्त दिलं, फार जास्त, हाच आपला गुन्हा. आणि आता दिसत होतं की तिने त्याला जो दिला तो पहिला नंबर त्याने मागितलेलाच नव्हता, आणि त्याच्याकडे जे होतं — अकरा जणांत नववं येऊन, भाकरी खाऊन, गाडीच्या टपावर थाप मारून घरी जाणं — ते तिने काढून घेतलं होतं. आणि वर त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड आपल्या खात्यात धरला होता.

त्याचा चेहरा उतरला होता. गाल ओढलेले, वय एकदम वाढल्यासारखं. आणि तिच्या जिभेवर, सवयीने, सगळं तयार होऊन आलं… तुझ्या हातात तर ही कला आहे रे, गाडी जुनी होती, वय आहे अजून तुझं, विशालला तरी कुठे… एकेक वाक्य मोजून अर्ध्या सेकंदाचं. एखादं बोलली असती तर तो थोडासा हसला असता. तिला ते हसू हवं होतं, आत्ताही. सहाला गणेश कागद घेऊन येणार होता आणि प्रणित सही करेल की नाही हे त्याच्या तोंडावरून मुळीच कळत नव्हतं.

मूर्तीचा दुसरा डोळा कोरा होता. बाहेर काथ्या पिंजल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. नम्रता पाटाच्या कडेला बसून त्या उतरलेल्या चेहऱ्याकडे, नजर न वळवता, बघत राहिली. आणि या वेळी तिने त्यातलं काही कमी केलं नाही.