उतरणीवरचे पारणे

शहाद्याचे किराणा व्यापारी जेठमलजी पेट्रोलमध्ये तेल मिसळत, ते एखाद्या पूजाविधीच्या निष्ठेने. हात धुऊन, मापातल्या तेलाची रेघ डोळ्यांच्या पातळीवर आणून, डबा नीट हलवूनच ते मिश्रण स्कूटरच्या टाकीत ओतले जाई. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलत नसे. असे असूनही त्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या क्रँकचे, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचे, बेरिंग दोनदा निकामी झाले, आणि दोन्ही वेळा तोरणमाळहून परतल्यावरच.

मेकॅनिक रतिलालने इंजिन उघडून पाहिले. बेरिंग कोरडे पडून करपले होते.

"तेल ते बराबर शे, शेठजी," तो म्हणाला. "मंग हाई कोरडं कसं पडनं, तेच समजत नही."

नवे बेरिंग बसले. पण चिरंजीव जिनेशने हात जोडून सांगितले, की पुन्हा असे घडले तर स्कूटर भंगारात जाईल आणि आईबाबा तोरणमाळला मोटारीने जातील. मोटार म्हणजे सूनबाई, नातवंडे, डबे आणि सारखे खणखणणारे फोन, हे जेठमलजी जाणून होते. दर हिवाळ्यातला तोरणमाळचा तो एक दिवस आजवर फक्त त्यांचा आणि पत्नी प्यारीबाईंचा होता.

त्या वर्षी दोघे निघाले, ते जरा धास्तावूनच. स्कूटर निळसर धूर सोडत सातपुड्याचा घाट चढली. प्यारीबाईंनी नाकाला पदर लावला होता. तळ्याकाठी बसून त्यांनी दालबाटी खाल्ली, नातेवाइकांची यथेच्छ उणीदुणी काढली आणि उन्हे कलायच्या आत परतीची वाट धरली.

घाट उतरताना जेठमलजींनी नेहमीप्रमाणे दुसरा गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण सोडली. इंजिनच गाडीला आवरून धरते, ब्रेक झिजत नाहीत, पेट्रोलही वाचते. या युक्तीचा त्यांना रास्त अभिमान होता. एवढ्यात मागून प्यारीबाई कौतुकाने म्हणाल्या, "उतरताना ही किती शहाणी व्हते पहा. जरासुद्धा धूर नही."

जेठमलजी हसले. पुढच्या वळणापर्यंत ते हसू मावळले होते. त्यांनी स्कूटर कडेला घेतली. पतीला घेरी आली की काय, या शंकेने प्यारीबाई लगबगीने उतरल्या.

"धूर नाही, म्हणजे तेल नाही," जेठमलजी हळूच म्हणाले. या इंजिनात तेलाचा निराळा साठा नसतो. पेट्रोलमधून जाईल तेवढेच तेल बेरिंगच्या वाट्याला येते. मूठ सोडली की पेट्रोल जवळजवळ थांबते, त्यासोबत तेलही थांबते, आणि क्रँक मात्र उताराच्या रेट्याने गरगर फिरत राहतो. हे सारे त्यांनी पत्नीला समजावून सांगितले.

प्यारीबाईंनी क्षणभर स्कूटरकडे करुणेने पाहिले. "म्हणजे चढताना पोटभर जेवण, अन् उतरताना चौविहार उपास. पाण्याचा थेंबसुद्धा नही, अन् वरतून पळवता तिले."

"आता प्रत्येक वळणाआधी क्लच दाबून जरा मूठ पिळायची. ती गुरगुरली तर घाबरू नकोस."

"मी कसाले घाबरू? मीच आठवण देईन. तुम्हाले कुठं ध्यानात ऱ्हाते?"

इंजिन जरा निवल्यावर दोघे पुढे निघाले. वळण जवळ आले की प्यारीबाई पतीच्या खांद्यावर थाप मारून शांतपणे म्हणत, "पारणं." जेठमलजी ब्रेकवर गाडी आवरून क्लच दाबत, मूठ पिळत, स्कूटर गुरगुरे आणि निळा धूर सोडी. बकऱ्या घेऊन वर निघालेल्या पावरा आदिवासी बायका थबकून पाहू लागल्या. हा कोणता मंत्र, असे एकीने विचारलेसुद्धा. प्यारीबाईंनी तिलाही गंभीर मुद्रेने "पारणं" एवढेच सांगितले.

दुकानापाशी जिनेश आणि रतिलाल वाट पाहत उभे होते. रतिलालने लांब पेचकसाचे टोक इंजिनाला टेकवले, मूठ कानाशी धरली आणि बराच वेळ ऐकले. मग तो पेचकस त्याने जिनेशच्या हाती दिला. जिनेशनेही ऐकले. बेरिंगची घरघर कोठेच नव्हती.

"पुढच्या हिवाळ्यात आम्हीही मोटारीने तुमच्या मागोमाग येऊ का?" त्याने नरमाईने विचारले.

"या की," प्यारीबाई पदर झटकत म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी."