सुवाच्य अक्षरात

चौथ्या खोक्याची फळी डॉक्टरांनी हाडं कापायच्या करवतीच्या मुठीने उचकटली आणि आत हात घातला. हाताला पुन्हा तापाच्या गोळ्यांची पाकिटंच लागली. कंपाउंडरने पाचवं खोकं उघडायची तसदी घेतली नाही. त्याने ते नुसतं हलवलं, कान लावला आणि नकारार्थी मान हलवली. अकराच्या अकरा खोक्यांत तापाच्या गोळ्या होत्या.

गावाभोवतीचे रस्ते सैन्याने अडवले त्याला सहा महिने झाले होते. महिन्यातून एकदा मदत संस्थेचा एक ट्रक आत सोडत, आणि त्यात काय भरायचं ते आरोग्य कार्यालय ठरवी. डॉक्टर दर महिन्याला धान्य आणि दुधाची भुकटी मागत. मागणीला महिन्याच्या मृत्यूंचा तक्ता जोडत आणि कारणाच्या रकान्यात न डगमगता लिहीत: भूक. बाकीचे डॉक्टर तोंडाला कुलूप लावून बसलेत, मी मात्र लिहितो, हे ते कंपाउंडरला दिवसाआड ऐकवत असत.

खोक्यांबरोबर या वेळी पहिल्यांदाच चिठ्ठी होती. आपल्या भागातील तापाची तीव्र साथ लक्षात घेऊन हा पुरवठा करण्यात येत आहे.

"ताप?" डॉक्टर म्हणाले. "इथे ताप यायलासुद्धा कोणाच्या अंगात काही उरलेलं नाही."

तक्ता न्यायला कार्यालयाचा कारकून ट्रकबरोबरच येई. तो व्हरांड्यातल्या बाकावर बूट काढून बसला होता. डॉक्टरांनी त्याला फैलावर घेतलं तेव्हा त्याने बूट घातले आणि सगळं कबूल केलं. त्याने प्रयत्न केला होता. पहिल्या महिन्यात तक्ता उलटा धरूनही पाहिला. साहेबांना दाखवला, साहेबांनी चष्मा पुसून तो परत दिला. शेवटी जे अक्षर लागत नाही ते सगळं तो तापात घालू लागला. तापाबद्दल वरून कोणी काही विचारत नाही आणि तापापायी कोणाची नोकरीही जात नाही, असं त्याने अगदी प्रांजळपणे सांगितलं.

"मी स्वच्छ लिहिलं होतं," डॉक्टर म्हणाले.

'स्वच्छ' म्हटल्यावर कंपाउंडरला खोकला आला. डॉक्टरांचं अक्षर वाचू शकणारा तो पृथ्वीच्या पाठीवर एकटाच होता, आणि तोसुद्धा निम्मं रोग्याच्या चेहऱ्यावरून ओळखत असे. ट्रक उद्या सकाळी परत जाणार होता. त्याआधी या महिन्याचा तक्ता द्या, एवढं बोलून कारकुनाने पुन्हा बूट काढले.

डॉक्टर तणतणत घरी आले. त्यांच्या बायकोने चौतीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलं होतं, त्यामुळे सगळं गाव त्यांना बाई म्हणे, आणि चारचौघांत डॉक्टरही तेच म्हणत. बाई दुपारची पेज दोन वाट्यांत ओतत होत्या. पेज कसली, पाणीच ते. पण दोन्ही वाट्यांत सारखं पडावं म्हणून त्या वाकून बघत होत्या. अकरा खोक्यांची हकिकत ऐकून त्या इतक्या हसल्या की त्यांना पातेलं खाली ठेवावं लागलं. हसता हसता त्या थांबल्या.

"म्हणजे सहा महिने तुम्ही खरं सांगत होतात आणि ते कोणाला कळलंच नाही," त्या म्हणाल्या. "असलं शौर्य मलाही जमेल. उशीत तोंड खुपसायचं आणि ओरडायचं."

हे डॉक्टरांना चांगलंच झोंबलं. अक्षर खराब असणं हा काही गुन्हा नाही, वैद्यकीच्या शिक्षणात घाईने लिहून लिहून सगळ्यांचंच बिघडतं, वगैरे त्यांनी सुनावलं. बाईंनी ते ऐकून घेतलं, कोरा तक्ता घेतला आणि त्याच्या माथ्यावर बोट ठेवलं. तिथे छापलं होतं: सुवाच्य अक्षरात भरावे. मग कागद पालटून त्यांनी मागच्या बाजूला पट्टीने दुरेघी आखली.

"बसा," त्या म्हणाल्या.

सदुसष्ट वर्षांचे डॉक्टर बसले. बाईंपुढे पहिलीतली चारशे-पाचशे मुलं बसली होती, तिथे त्यांची काय कथा. पहिला तासभर 'क' आणि 'ख' यांतच गेला. अक्षर रेघेला टेकवा, हवेत लोंबतंय. डोक्यावर रेघ द्या, बोडकं ठेवू नका. बाईंची पट्टी टेबलावर टकटक वाजत होती आणि डॉक्टरांच्या जिभेचं टोक नकळत बाहेर आलं होतं. चार वाजायच्या सुमाराला 'न्यूमोनिया' आणि 'रक्तस्राव' हे शब्द शहाण्या मुलांसारखे रेघेवर बसले. बाईंनी शेजारी 'ठीक' असा शेरा दिला. डॉक्टरांना पदवी मिळाली तेव्हासुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

फक्त 'भूक' काही केल्या जमेना. 'भ' कमरेत मोडे, त्याचा उकार रेघेखाली पळून जाई, आणि 'क'चं नुसतं शेपूट उरे.

"बाकीचे नीट बसलेत," बाई म्हणाल्या. "हा एकटाच का पळतोय?"

पेन खराब आहे, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी पेन बदलून दिलं. मग त्यांचा हात भरून आला. बाईंनी वाट पाहिली. डॉक्टर बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिले.

"शेजारच्या गावचा डॉक्टर," ते अखेर म्हणाले, "फार स्पष्ट लिहायचा."

बाईंना माहीत होतं. त्या डॉक्टरने उपाशी मेलेल्या मुलांची यादी वर्तमानपत्राला दिली होती. आठवड्याने एक गाडी आली आणि चार प्रश्न विचारायचेत म्हणून त्याला घेऊन गेली. ते चार प्रश्न अजून संपले नव्हते. बाईंच्या हातातली पट्टी वाजायची थांबली.

"लग्नाआधी तुम्ही मला बावीस पत्रं लिहिलीत," त्या म्हणाल्या. "मोत्यासारखं अक्षर. बाविसावं आमच्या वडिलांच्या हाती पडलं."

"त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं," डॉक्टर म्हणाले. चाळीस वर्षांनीही त्यांचे कान लाल झाले.

"तेविसावं मला लागलं नाही. अजूनही लागलेलं नाही."

वैद्यकीचं शिक्षण त्या पत्रांच्या आधीच संपलं होतं, हा हिशेब डॉक्टरांनी आजवर कधी केला नव्हता.

"मलाही भीती वाटते," बाई म्हणाल्या. "लिहिणार नाही म्हणालात तर मी हट्ट धरणार नाही. पण मग लिहिलं असं सांगत फिरू नका."

डॉक्टरांनी दुसरा कोरा तक्ता ओढला. महिन्याचे एक्केचाळीस मृत्यू होते. 'भूक' लिहायच्या जागा तेवढ्या कोऱ्या सोडून ते ओळीने भरत गेले आणि सव्विसाव्या ओळीवर थांबले. मंगळवारी गेलेली चार वर्षांची मुलगी. तिची नाडी बघताना त्यांचा अंगठा आणि बोट मनगटाभोवती फिरून एकमेकांवर चढले होते, आणि तिची आई विचारत होती, औषध जेवणाआधी द्यायचं की नंतर. तेव्हा डॉक्टरांना तिच्याकडे बघवलं नव्हतं. आता त्यांचे डोळे भरून आले. चष्मा काढून त्यांनी 'भूक' हा शब्द लिहिला, आणि तो रेघेवर बसला. मग कोऱ्या जागाही भरल्या.

सकाळी कारकून दवाखान्यात आला. सवयीने तक्त्याची घडी करायला निघाला आणि थांबला. त्याने एक ओळ वाचली, मग दुसरी. मग उठून त्याने दार लावून घेतलं.

"डॉक्टरसाहेब, हे वाचता येतंय."

"हो."

"सगळंच वाचता येतंय." त्याने आवाज खाली आणला. "एक विनंती आहे. नेहमीच्या अक्षरात देता का? हे असं दिलंत तर मला तसंच नोंदवावं लागेल हो."

काल सकाळी डॉक्टर या माणसावर कचाकचा ओरडले होते. आज त्यांना त्याचा राग येईना.

"बसा," ते म्हणाले. "तुमचं अक्षर कसं आहे?"

"माझं?" कारकून गोंधळला. "चांगलं आहे. शाळेत बक्षीस मिळालं होतं."

"मग बरं झालं. माझा हात कालपासून कामातून गेलाय. याच्या आणखी दोन प्रती हव्यात. एक ट्रकवाल्या मदत संस्थेला द्यायची, एक दवाखान्याबाहेरच्या फलकावर लावायची. मूळ तक्ता तुम्ही न्या. तिन्हींवर सही माझी राहील. तुम्हाला नाही लिहायचं तर तसं सांगा, मी हळूहळू लिहीन."

कारकुनाने बंद दाराकडे पाहिलं. बाहेर ट्रकवाला भोंगा वाजवत होता. मग त्याने बाही वर सारली आणि पेन घेतलं. त्याचं अक्षर खरोखरच सुंदर होतं. पंचवीस ओळी तो उतरवत गेला, आणि मग त्याचा हात थबकला.

"या मुलीचं वय," तो मान वर न करता म्हणाला, "चार आहे की चाळीस? शून्य राहिलं असेल ना तुमचं?"

डॉक्टरांनी तो आकडा अगदी ठसठशीत काढला होता.

"चार," ते म्हणाले.

कारकुनाने ते पुन्हा एकदा विचारलं.